काळ्याला पॉलिश, पांढऱ्याला साबण

वाचकांचे प्रश्न : गाडी आणि चाक

पोळा झाला, दसरा तोंडावर आला. या दिवसांत गाडी धुण्या-सजवण्याची पत्रं दरवर्षीच येतात. यंदा त्यातली चार टायरवरच्या अक्षरांची आणि टायर पॉलिशची निघाली, म्हणून हा अंक त्यांनाच दिला. पांढरकवड्याला हायवेच्या कडेला, म्हणजे पूर्वीच्या सात नंबरवर, ज्याला आता ४४ म्हणतात, माझं टायरचं आणि गाड्या धुण्याचं दुकान होतं. सत्तावीस वर्षं हे हात टायरवरच फिरले. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलं आहे. ते तसंच राहू दिलं, कारण त्या पोराची चूक मी स्वतः केलेली आहे.

प्रश्न : काकाजी, नमस्कार. बाबांनी उन्हाळ्यात नागपूरहून जुनी जीप आणली. वावरात जायले, कापूस न्यायले कामी पडते. तिच्या टायरवर कंपनीचं नाव पांढऱ्या उठावदार अक्षरांत आहे. आमच्या गावात असे टायर दुसऱ्या कोणाकडंच नाहीत. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी जीप धुतली आणि तालुक्याहून आणलेलं टायर पॉलिश चारही चाकांवर चांगलं भरपूर मारलं. त्या दिवशी टायर असे चमकले की लोक थांबून पाहत होते. आठ दिवसांनी पाहतो तं अक्षरं चहासारखी तपकिरी झालेली, अन् दारावर काळे शिंतोडे. कपड्याचा साबण लावून पाहिला, फरक पडला नाही. एक जण म्हणतो डिझेलच्या बोळ्यानं पूस, दुसरा म्हणतो पांढरा ऑइल पेंट मार. बाबा मले काही बोलले नाहीत, पण रोज सकाळी उठून टायरकडे पाहतात. दसऱ्याच्या आत अक्षरं पांढरी होतील का? आणि यापुढं पॉलिश लावायचं की नाही?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : बाबू, आधी डिझेलचा बोळा बाजूला ठेव. ऑइल पेंटचा डबाही उघडू नको. अक्षरं पांढरी होतात. एका सकाळचं काम आहे, पण ते घाईनं होत नाही.

तुझ्या टायरच्या बगलेवर दोन वेगवेगळी रबरं आहेत, हे पहिले समजून घे. रबराच्या झाडाचा चीक पांढराच असतो. सुरुवातीचे टायरही फिकट रंगाचेच होते. मिशेलिन कंपनीचा तो टायरांच्या वळ्यांचा बाहुला १८९८ सालचा आहे, आणि तो पांढरा आहे तो त्यामुळेच. पुढं १९१०च्या दशकात रबरात काजळी मिसळायला सुरुवात झाली, तिला कार्बन ब्लॅक म्हणतात. काजळीनं रबर झिजायला चिवट झालं आणि उन्हालाही टिकायला लागलं. म्हणून आज टायर काळा असतो. तुझ्या टायरच्या पांढऱ्या अक्षरांत ही काजळी नाही. त्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. म्हणजे त्या रबराला काजळीचं संरक्षण नाही, आणि डाग लपवायला काळेपणाही नाही. जे लागेल ते दिसतं.

कारखान्यात हे करतात कसं, तर बगलेत पांढऱ्या रबराचा पट्टा घालतात, त्यावर काळ्या रबराची पातळ साल चढवतात, साच्यात अक्षरं उठवतात आणि मग मशीनवर अक्षरांच्या माथ्यावरची काळी साल घासून काढतात. खालचं पांढरं उघडं पडतं. रंग कुठंच नसतो. पण तुझी जीप जुनी घेतलेली आहे. आधीच्या मालकानं साध्या काळ्या अक्षरांवर रंग दिलेला असू शकतो, म्हणून आधी खात्री कर. अक्षराची कड नखानं ओढून पाहा. रंग असेल तर पापुद्रा निघतो किंवा तडकलेली रेघ दिसते. रबर असेल तर नख नुसतं घसरतं. रंग निघाला तर पुढचं घासकाम करू नको, खाली उमरेडच्या भाऊंना दिलेलं उत्तर वाच.

आता अक्षरं तपकिरी कशानं झाली ते सांगतो. काळ्या रबरात कंपनी मेण आणि एक रसायन घालते. हवेतल्या ओझोननं रबर तडकू नये म्हणून ते असतं. टायर फिरतो, दबतो, तसतसं हे दोन्ही हळूहळू वर येतं आणि रबरावर पातळ थर धरतं. ते रसायन हवेत तपकिरी पडतं. जुन्या टायरवर मातकट लाली दिसते ती बरेचदा धूळ नसून हीच असते. ती काळ्यावर खपून जाते. पांढऱ्या पट्ट्यात ती उतरू नये म्हणून कंपनी भोवतीचं रबर वेगळं, डाग न सोडणारं वापरते. पण वरून तेलकट पॉलिश फासलं की तेच तेल काळ्यावरची लाली विरघळवून पांढऱ्यावर नेऊन ठेवतं. त्यात आपली काळी माती. तेलकट अक्षरावर तिचा धुरळा बसला की चिकटूनच राहतो. आठ दिवसांत चहाचा रंग आला तो असा.

पॉलिश दोन जातींचं मिळतं. एक पारदर्शक, तेलकट, पेट्रोल-रॉकेलसारख्या वासाचं. दुसरं दुधासारखं पांढरं, पाण्यात केलेलं. बाटलीवर काही कळत नसेल तर वाटीभर पाण्यात चार थेंब टाकून पाहा. दुधाळ असेल तर पाण्यात मिसळून पाणी गढूळ करतं, तेलकट असेल तर वर तवंग धरतं. तवंग धरणारं पॉलिश पांढऱ्या अक्षरांच्या टायरजवळही नेऊ नये. काळ्या रबरालाही ते वारंवार चांगलं नाही, कारण पेट्रोलच्या जातीच्या कुठल्याही द्रवानं रबर फुगतं आणि ते मेण धुऊन निघतं. डिझेल आणि जळकं ऑइल त्यातलंच. लावलं त्या दिवशी टायर नव्यासारखा दिसतो आणि पुढं लवकर तडकतो.

हे मी अनुभवानं सांगतो आहे. दुकान नवीन होतं तेव्हा ट्रकचे टायर आम्ही डिझेलच्या बोळ्यानंच पुसायचो, सगळ्या हायवेवर तीच रीत होती. एकदा आदिलाबादकडं निघालेलं एक कुटुंब गाडी धुवायला थांबलं. त्यांच्या टायरवर पांढरी अक्षरं होती. मी तशी पहिल्यांदाच पाहत होतो. गाडी उठून दिसावी म्हणून मी मनापासून डिझेल मारलं, अक्षरांसकट. तिसऱ्या दिवशी ते परतीला माझ्याकडंच थांबले. गृहस्थ भांडले नाहीत. खाली उतरून चाकाकडं बोट दाखवलं आणि म्हणाले, हे काय झालं ते जरा सांगाल का? मी खाली बसलो आणि दोन तास साबण, ब्रश घेऊन त्या चार चाकांशी झटलो. त्यांच्या लहान मुलीनं पाण्याचा मग धरला होता. पुढची रीत मी त्या दिवशी शिकलो, ती तशीच तुला देतो.

सकाळी लवकर लाग, सावलीत. टायर हाताला गार लागला पाहिजे, नाहीतर साबण जागेवरच वाळतो. एका वेळी एकच चाक घे. अक्षरांच्या खाचांत काळी माती वाळून बसली असेल तर ती पेचकस किंवा विळ्यानं उकरू नको. पोतं भिजवून चाकावर टाक आणि पंधरा-वीस मिनिटं विसर. आपली माती पाणी पिऊन फुगते आणि आपोआप सुटते. मग कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घाल आणि कपडे धुवायच्या प्लॅस्टिकच्या ब्रशनं संपूर्ण बगल घास, काळी-पांढरी दोन्ही. तू साबण लावलास आणि फरक पडला नाही म्हणतोस, ते एकदाच लावल्यामुळं असावं. पहिला फेस तपकिरी येईल, अगदी कोऱ्या चहासारखा. धुऊन टाक, पुन्हा लाव. दुसरा फेस कमी तपकिरी येईल. फेस पांढरा येईपर्यंत हे करत राहायचं. कधी तीनदा, कधी पाचदा. फेस पांढरा आला म्हणजे पॉलिश आणि लाली दोन्ही सुटली. त्याच्या आत थांबलास तर काळ्यावरचं उरलेलं पुन्हा पांढऱ्यावर येतं.

मग नुसती अक्षरं घे. खायचा सोडा पाण्यात कालवून लोण्याइतका घट्ट कर आणि जुन्या दातांच्या ब्रशनं प्रत्येक अक्षर घास. इथं जीव ओतायचा. गोल अक्षरांच्या पोटात मळ जास्त बसतो, तिथं ब्रश उभा धर. बहुतेक टायर इथपर्यंत पांढरे होतात. नाहीच झाले तर भिंतीवरचे डाग काढायचा तो पांढरा हलका स्पंज मिळतो, मेलामाइनचा, तो ओला करून अक्षरावर फिरव. स्पंज झिजून काळा होत जाईल, अक्षर उजळत जाईल. अगदी शेवटचा उपाय म्हणजे चारशे नंबरचा वॉटर पेपर. तो खोडरबराला गुंडाळ, पाण्यात बुडवत राहा आणि अक्षराच्या फक्त माथ्यावर अलगद फिरव. अक्षराबाहेर गेलास तर भोवतीची काळी साल, जी मुळात पातळ आहे, ती झिजेल, खालचा पांढरा पट्टा डोकावेल आणि अक्षराची कड कायमची बिघडेल. एकदा गेलेली साल परत येत नाही. तारेचा ब्रश, भांड्याची तारेची घासणी, ब्लीचिंग पावडर आणि संडास-फरशीचं ॲसिड यातलं काहीही वापरू नको. ॲसिडनं रिमही जातं.

आता पॉलिश. लावायचंच असेल तर पाण्यातलं दुधाळ घे आणि फक्त काळ्याला लाव. अडचण अशी की अक्षरं वर उठलेली असतात. मोठा स्पंज बगलेवरून फिरवला की सगळ्यात जास्त पॉलिश नेमकं अक्षरांनाच लागतं आणि मधल्या खोलगट काळ्याला कमी. तुझं तेच झालं. म्हणून स्पंजाचा दोन बोटं रुंद तुकडा काप. पॉलिश टायरवर ओतायचं नाही, फवारायचं तर अजिबात नाही. स्पंजावर घ्यायचं, एका चाकाला चहाचा चमचाभर. रिमजवळच्या काळ्या पट्ट्यापासून सुरुवात कर, मग अक्षरांच्या बाहेरचा पट्टा. दोन अक्षरांच्या मधल्या जागेला एक इंची रंगाचा ब्रश वापर, आणि तो आधी फडक्यावर टेकवून जवळजवळ कोरडा कर. जवळच ओलं सुती फडकं ठेव. अक्षराला लागलं की लगेच फडकं बोटाला ताणून धरायचं आणि अक्षराच्या माथ्यावरून एकाच दिशेनं ओढायचं. मागं-पुढं केलं तर तेच पुन्हा फासलं जातं. घरी जुनं धोतर असेल तर त्याच्यासारखं फडकं नाही.

पंधरा मिनिटांनी कोरड्या फडक्यानं सगळी बगल पुसून घे. बोट फिरवलं तर बोटाला काही लागता कामा नये. आणि रात्रभर गाडी हलवू नको. तुझ्या दारावरचे शिंतोडे ओल्या पॉलिशचेच आहेत. चाक फिरलं की ओलं पॉलिश भिरकावलं जातं, आणि मडगार्डला, दाराच्या खालच्या भागाला बसतं. ते डाग आजच साबणाच्या पाण्यानं धुऊन काढ. कोरडं खरडलंस तर रंगावर ओरखडे येतील. टायरच्या नक्षीवर, म्हणजे जो भाग रस्त्याला टेकतो तिथं, आणि ब्रेकच्या डिस्कवर पॉलिशचा थेंबही जाऊ देऊ नको.

माझं मत विचारशील तर रोज वावरात जाणाऱ्या जीपला सणासुदीपलीकडं पॉलिशची गरज नाही. स्वच्छ धुतलेल्या टायरचा काळा रंग मला त्या ओल्या चमकेपेक्षा बरा वाटतो. शिवाय पॉलिशखाली बारीक भेगा दिसत नाहीत. तुझी गाडी जुनी आहे, म्हणून पॉलिश लावण्याआधी, टायर साबणानं स्वच्छ झालेला असताना, बगल उन्हात नीट बघ. आणि डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे शोध. ३२१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेला आहे. बाहेरच्या बाजूला आकडे नसले तर आतल्या बाजूला असतात, गाडीखाली वाकून पाहावं लागेल. टायर फार जुना निघाला, किंवा भेगेत नख शिरत असेल, तर अक्षरांचा विचार मागं ठेव आणि टायरवाल्याला दाखव. आपल्याकडं मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. त्या उन्हात उभ्या उभ्या टायर म्हातारे होतात. उलट रोज फिरणाऱ्या टायरला मेण वर येत राहिल्यानं थोडं संरक्षण मिळतं. म्हणून जीप दावणीच्या बैलासारखी सावलीला बांध.

एक दसऱ्याचं. पूजेला हळद-कुंकू बोनेटला, रिमला लाव, पांढऱ्या अक्षरांना नको. लागलंच आणि तू साबण लावलास तर हळद एकदम लाल होईल. घाबरायचं नाही, हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होतेच. भरपूर पाण्यानं धुऊन टाक आणि चाक उन्हाकडं करून गाडी उभी कर. हळदीचा उरलेला पिवळेपणा ऊन दोन-चार दिवसांत उडवतं. बाजारातल्या कुंकवातला रंग मात्र हट्टी असतो, तो ओला असतानाच पुसून घे.

आणि बाबांना हाताशी घेऊन बस. एक चाक तू, एक त्यांनी.

प्रश्न : माझ्या ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवरची नावाची अक्षरं काळीच आहेत. मागच्या दसऱ्याला मी पांढऱ्या ऑइल पेंटनं रंगवली. दोन महिन्यांत पोपडे निघाले. बैलाच्या शिंगाला दिलेला रंग वर्षभर राहतो, मग टायरला का नाही?
— एक शेतकरी वाचक, उमरेड तालुका, जि. नागपूर

उत्तर : भाऊ, शिंग वाकत नाही. टायरची बगल चाकाच्या दर फेऱ्याला खाली दबते आणि वर येऊन पुन्हा ताणली जाते. त्यातून वावरात आपण हवा कमी ठेवतो, तेव्हा बगल आणखी फुगते. ऑइल पेंट वाळला की कडक होतो. रबर वाकलं तरी तो वाकत नाही, म्हणून तडकतो आणि पोपडे सुटतात. काही महिन्यांत पिवळाही पडतो.

तुमची अक्षरं रंगवता येतात, पण रंग रबरासोबत वाकणारा पाहिजे. टायरसाठी म्हणून पेनासारखे रंगाचे मार्कर मिळतात, किंवा पाण्यात चालणारा ॲक्रिलिक रंग घ्या. जुने पोपडे आधी प्लॅस्टिकच्या पट्टीनं काढा, चाकूनं नको. मग साबण-ब्रशनं टायर धुवा आणि दोन दिवस वाळू द्या. अक्षरांच्या माथ्यावर वॉटर पेपर हलका फिरवा म्हणजे रंगाला धर मिळतो. या टायरला आधी कधी पॉलिश मारलं असेल तर साबण तीन-चारदा लावा. पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, आणि सिलिकॉन लागलेल्या जागेवर रंग पसरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यासारखी गोल छिद्रं पडतात. ती दिसली की रंग पुसायचा आणि पुन्हा धुण्यापासून सुरुवात करायची. वरून दुसरा हात देऊन ती बुजत नाहीत.

एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात द्या. मधे पूर्ण वाळू द्या. इतकं करूनही चिखलणी आणि पऱ्हाटीच्या खुंटांतून चालणाऱ्या ट्रॅक्टरवर हा रंग वर्षभर राहणार नाही, हे आधीच सांगतो. दरवर्षी पोळ्याला शिंगांसोबत अक्षरांनाही एक हात, असं धरून चाला. रंग अक्षरांवरच ठेवा, सगळी बगल रंगवू नका. बगलेवर खुंट घुसल्याची खूण झाली तर ती तुमच्या नजरेला दिसली पाहिजे.

प्रश्न : काकाजी, माझ्या लहान भावानं मोटारसायकल धुवायला दिली होती. परत आणताना गावाच्या फाट्यावर वळणात गाडी घसरली. कोपर आणि गुडघा सोलला, देवाची कृपा म्हणून एवढ्यावर निभावलं. रस्ता कोरडा होता, वेगही जास्त नव्हता. नंतर पाहिलं तर दोन्ही टायर वरपासून खालपर्यंत पॉलिशनं चकचकीत होते. पॉलिशमुळं घसरली असेल का? आता काय करावं?
— एक वाचक भगिनी, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : ताई, भाऊ बरा आहे हे वाचून जीव खाली आला. न पाहता खात्रीनं कारण सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलं त्यावरून माझाही पहिला संशय पॉलिशवरच जातो. चारचाकीचा टायर वळणात फारसा कलत नाही, बगल रस्त्यापासून लांबच असते. मोटारसायकल वळणात कलते आणि टायरचा कडेचा भाग जमिनीला टेकतो. सरळ चालताना मधल्या भागावरचं पॉलिश दोन किलोमीटरमध्ये निघून जातं, चालवणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. कडेचं मात्र तसंच ओलं राहतं आणि पहिल्या वळणाला तेच खाली येतं.

म्हणून दुचाकीच्या टायरला पॉलिश लावूच नये. थोडंही नको, नुसत्या बगलेलाही नको. दुचाकीची बगल आणि कड यांत दोन बोटांचंही अंतर नसतं. गाडी धुवायला देतानाच तोंडानं सांगा, टायरला हात लावू नका. धुणारा मुलगा वाईट हेतूनं लावत नाही, गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून लावतो. मीही माझ्या दुकानात नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच सांगायचो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायचो.

आता दोन्ही चाकं भांड्याच्या लिक्विडनं, ब्रशनं धुवा, नक्षीच्या खाचांसकट, आणि निदान दोनदा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, इंजिन बंद ठेवा आणि चाक हातानं फिरवत धुवा. इंजिन चालू ठेवून गिअरमध्ये फिरवू नका, त्यात बोटं जातात. पुढं डिस्क ब्रेक असेल तर डिस्क बघा. तिच्यावर तेलकट डाग असतील तर मिस्त्रीकडून साफ करून घ्या, आणि ब्रेकच्या पॅडमध्ये पॉलिश मुरलं असेल तर पॅड बदलावेच लागतील, ते धुऊन सुधारत नाहीत. त्यानंतर पहिले काही किलोमीटर भावानं हळू आणि सरळ चालवावी, वळणात न कलता. हीच काळजी नवीन टायरला पहिले शंभर-दीडशे किलोमीटर घ्यायची असते, तोही सुरुवातीला गुळगुळीत असतो.

प्रश्न : मी टिपेश्वर अभयारण्यात पर्यटकांची जिप्सी चालवतो. मालकानं पांढऱ्या अक्षरांचे नवे टायर मागवले, पण अक्षरांवर निळा रंग आहे. खराब माल आला का? परत पाठवू का?
— एक चालक वाचक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : माल चांगला आहे, परत पाठवू नका. गोदामात टायर एकमेकांवर रचलेले असतात. एकाचं काळं दुसऱ्याच्या पांढऱ्याला लागू नये म्हणून कंपनी हा निळा, कधी हिरवट, लेप देते. तो पाण्यात सुटतो. टायर बसवल्याबरोबर, लांब पल्ल्याला जाण्याआधी, साबणाचं पाणी आणि मऊ ब्रशनं धुऊन टाका. निळं पाणी वाहून जाईल आणि खाली पांढरं निघेल. कोपऱ्यात निळी रेघ राहिली तर दुसऱ्यांदा धुवा, पेट्रोल लावू नका. आळस करून तो महिनाभर उन्हात तसाच ठेवला तर मात्र पक्का होतो आणि मग फार घासावं लागतं.

आणि टायर बसवायच्या आधी मालकाला एक विचारा. या जातीच्या पुष्कळ टायरना पांढरी अक्षरं एकाच बाजूला असतात, दुसरी बाजू साधी काळी असते. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल आणि बाहेरची बाजू कोणती हे लिहिलेलं नसेल, तर कुठलीही बाजू बाहेर ठेवून बसवता येतो. तुमची गाडी दिवसातून दोन फेऱ्या मुरमाच्या धुळीतून काढते. अक्षरं रोज धुवायला कोणी नसेल तर काळी बाजू बाहेर ठेवा. धुणार असाल तर पांढरी ठेवा, आणि टायरवाल्याला हे मशीनवर चढवायच्या आधी सांगा, कारण एकदा बसवलेला टायर उलटवायचे पैसे तो वेगळे घेतो.